‘समूहत्याग’ की ‘रजा’?

एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका सोसायटीत ते बरीच वर्षे राहत होते आणि तिच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात पहिल्यापासून होते. घर विकून नाशिकला स्थायिक झाल्यावर त्यांनी समूहात लिहिले, “मी आज समूहत्याग करीत आहे. धन्यवाद.” एवढे लिहून ते बाहेर पडले. तासाभरात तिघांचे फोन आले आणि तिघांनीही एकच विचारले, की काय झाले, कोणी काही बोलले का? ‘लेफ्ट होतो’ हे धेडगुजरी रूप टाळून आपण मुद्दाम शुद्ध मराठी शब्द योजला, तरीही लोकांना राग का दिसला, आणि अशा वेळी योग्य शब्द कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

फोन करणाऱ्यांनी मराठी नीट वाचले, असे मला वाटते. ‘समूहत्याग’ हा शब्द ज्या साच्यातून आला आहे तो साचा ‘सभात्याग’ या शब्दाचा आहे, आणि विधिमंडळाच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही सभात्याग म्हणजे निषेध हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘त्याग’ शेवटी असलेले इतर शब्दही पाहावेत: अन्नत्याग, गृहत्याग, पदत्याग, देहत्याग. यांतला एकही शब्द सहज, हसतमुखाने घडणाऱ्या गोष्टीसाठी वापरला जात नाही. त्यामागे एक तर विरोध असतो, नाहीतर वैराग्य. घर बदलले म्हणून सोसायटीच्या समूहातून कमी होणाऱ्या माणसाच्या मनात या दोहोंपैकी काहीच नसते; पण शब्द वापरला की त्याच्यासोबत त्याचे सगळे गोत येते. त्यावर पूर्णविराम देऊन लिहिलेले एकटे ‘धन्यवाद’ हे सूचनाफलकाच्या तळाशी असते तसे कोरडे वाटले असणार.

मग ‘समूह सोडतो’ म्हणावे का? ‘सोडणे’ हे क्रियापद स्थळाबरोबर येते तेव्हा निरुपद्रवी असते. ‘पुणे सोडले त्याला दहा वर्षे झाली’ या वाक्यात पुण्यावर राग नाही. माणसांबरोबर येते तेव्हा मात्र ते बोचते: साथ सोडली, हात सोडला, वाऱ्यावर सोडले. अडचण अशी, की समूह हे स्थळही आहे आणि माणसेही आहेत. सोडणाऱ्याच्या मनात ती एक खोली असते, आणि त्या खोलीतून तो उठलेला असतो. मागे राहिलेल्यांच्या लेखी मात्र ती खोली म्हणजे तेच स्वतः असतात, म्हणून ‘समूह सोडला’ हे त्यांना ‘आम्हाला सोडले’ असे ऐकू येते. बाहेर पडणाऱ्याच्या नावापुढे ‘लेफ्ट’ असे सांगणाऱ्या पडद्यावरच्या करड्या ओळीचे भाषांतर कोणी ‘सोडून गेले’ असे केले तर आणखी कठीण, कारण ‘आम्हाला सोडून गेले’ हे मराठीत मृत्यूसाठी म्हणतात. नुसते ‘गेले’ तर त्याहून धोक्याचे. मोबाइलमधली जागा भरली म्हणून आमचे नाना एकदा घरच्या समूहातून बाहेर पडले, आणि चुलतबहिणीने दुसऱ्या समूहात सरळपणे लिहिले, “नाना गेले.” पाचच मिनिटांत आत्याचा फोन आला, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बहिणीचे व्याकरण चुकले नव्हते. मोठ्या माणसासाठी वापरलेले एकटे ‘गेले’ मराठीत काय सांगते, याचा तिला त्या क्षणी विसर पडला होता, इतकेच.

प्रश्नकर्त्यांनी ज्याला धेडगुजरी म्हटले आहे, त्या ‘लेफ्ट होणे’बद्दल मला थोडी बाजू मांडायची आहे. इंग्रजीतले मूळ क्रियापद ‘लीव्ह’, पण मराठीने घेतले ते भूतकाळी रूप, कारण पडद्यावर दिसत असे ते तेच. शिवाय ‘लीव्ह’ हा शब्द आपल्या कचेऱ्यांत रजेसाठी आधीच रुळलेला होता. विशेष म्हणजे बोलणाऱ्यांनी त्याला ‘करणे’पेक्षा ‘होणे’ अधिक वेळा जोडले. ‘ग्रुप लेफ्ट केला’ असेही कानांवर येते, पण ‘काका लेफ्ट झाले’ हे जास्त सहज वाटते, आणि ते ‘काका रिटायर झाले’, ‘काका आउट झाले’ यांच्या पंगतीत बसते. ‘होणे’मुळे कर्त्याचा हेतू मागे पडतो आणि फक्त झालेली अवस्था सांगितली जाते. म्हणजे बोलीने नकळत का होईना, सौम्यतेचीच वाट धरली आहे. बोलताना मी ते चुकीचे मानत नाही. लेखी निरोपात मात्र ते अपुरे पडते, कारण त्यात मागे राहणाऱ्यांचा उल्लेखच नसतो.

‘बाहेर पडणे’ तसे साधे आणि निर्धोक आहे, पण ‘आघाडीतून बाहेर पडले’ अशा बातम्यांनी त्यालाही किंचित राजकीय वास लागला आहे. ‘रामराम ठोकणे’ टाळावेच. ‘आमचा रामराम घ्यावा’ यात आदर आहे, तोच रामराम ठोकला की तुसडेपणा येतो. ‘मोकळा होतो’ म्हटले की आजवर ओझे वाहिले असा अर्थ निघतो.

निरोपाचा विचार करताना मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतो तो ‘येतो’ हा शब्द. ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे’ हे आपल्याला लहानपणी बजावलेले असते. याच भावनेने आपण दुकान बंद न करता वाढवतो, नारळ फोडण्याऐवजी वाढवतो आणि दिवा न विझवता मालवतो किंवा शांत करतो. ही रीत एकट्या मराठीची नाही. कन्नड माणूस ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन्’ म्हणतो, आणि दोहोंचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. पण त्यांचे ‘जाऊन’ आपण गाळून टाकले आणि केवळ ‘येतो’ ठेवले, हे मला फार सुंदर वाटते.

हा शब्द प्रत्यक्ष कसा बोलला जातो ते जरा जवळून पाहू. पाहुणी दाराशी येते, चपलेत पाय सरकवते आणि म्हणते, “बरं, येते हं.” आतून आवाज येतो, “थांब गं, कुंकू लावते.” करंडा येतो, कुंकू लागते, तेवढ्यात राहिलेले एक बोलणे निघते, आणि मग पुन्हा एकदा “येते” होते. त्यावर घरातली बाई म्हणते, “ये, सावकाश जा.” ‘येते’ या शब्दाची जोडी ‘ये’शी आहे, मोठ्यांच्या बाबतीत ‘येतो’ची ‘या’शी. पहिला शब्द जाणाऱ्याचा, दुसरा राहणाऱ्याचा, आणि दुसरा ऐकल्याशिवाय पहिल्याचे काम पुरे होत नाही. जाण्याचा निर्णय जाणाऱ्याचाच असतो, पण तो पूर्ण करून देतात मागे राहणारे.

हाच ‘येतो’ चॅटमध्ये जसाच्या तसा चालत नाही. दारात उभे राहून म्हटलेल्या ‘येतो’ला चपला आणि पिशवी यांचा आधार असतो. समूहात कोणी नुसते ‘येतो’ लिहिले, तर उत्तर येईल, “या, किती वाजता?” ‘येऊ का?’ याचेही तसेच. दारात ते जाण्याची परवानगी मागते, लिहिले की येण्याची. ‘निघतो’ त्यातल्या त्यात बरे, कारण निघण्यात कुठून एवढेच कळते आणि संबंध तुटत नाही. फक्त ते ‘निघून जातो’ होऊ देऊ नये, कारण ‘निघून गेला’ म्हटले की रुसवा आलाच.

म्हणून लेखी मराठीत माझी पसंती दोन जुन्या शब्दांना आहे: निरोप आणि रजा.

‘निरोप’ या शब्दात संदेशही आहे आणि जाण्याची अनुमतीही. जुन्या पोथ्यांत शिष्य गुरूचा निरोप घेऊन यात्रेला निघतो, तेव्हा त्याने गुरूची आज्ञा घेतलेली असते. त्या अर्थाचा अवशेष आजच्या वाक्यरचनेत टिकून आहे. आपण ‘मित्रांपासून निरोप घेतला’ असे म्हणत नाही, ‘मित्रांचा निरोप घेतला’ असे म्हणतो. षष्ठीचा तो ‘चा’ सांगतो, की निरोप मित्रांचा आहे. तो त्यांनी द्यायचा असतो आणि आपण घ्यायचा असतो. ‘रजा’ हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ राजीखुशी, संमती असा आहे. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ ही त्याचीच भावंडे आहेत. आज रजा म्हटले की कचेरीतला अर्ज आठवतो, पण प्रत्यय बदलला की जुना अर्थ लगेच समोर येतो. ‘कार्यालयातून रजा घेतली’ म्हणजे सुट्टी. ‘कार्यालयातल्या मंडळींची रजा घेतली’ म्हणजे त्यांच्या संमतीने तिथून उठणे. इथेही ‘ची’ आहे, आणि रजा मागे राहणाऱ्यांच्या मालकीची आहे. त्याग, सोडणे, बाहेर पडणे या साऱ्या क्रिया माणूस एकट्याने उरकू शकतो. निरोप आणि रजा घ्यायला मात्र समोर कोणीतरी देणारा लागतो, आणि जाताना आदर दाखवायचा तो इथेच दाखवता येतो.

दोघांतून निवडायचे तर सोसायटीच्या समूहासाठी मी ‘रजा’ निवडीन. ‘निरोप’ शब्दाला निरोप समारंभ, गणपतीला निरोप, आणि शेवटी ‘जगाचा निरोप’ यांमुळे अखेरीचा रंग चढला आहे. सेवानिवृत्तीच्या दिवशी कचेरीच्या समूहातून जाताना तो शोभतो, घर बदलताना जरा जड होतो.

काळाबद्दलही एक सूचना. ‘समूहत्याग करीत आहे’ किंवा ‘रजा घेत आहे’ हे रूप जाहीर निवेदनाचे आहे. त्यात ऐकणाऱ्याला बोलायला जागा नसते. ‘येतो’, ‘निघतो’, ‘रजा घेतो’ हे साधे वर्तमानकाळी रूप पुढच्या क्षणाचा इरादा सांगते आणि समोरच्याने ‘थांबा की जरा’ म्हणावे इतकी फट ठेवते. कारणाच्या बाबतीत ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द टाळावेत. ते रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या फलकावर असतात आणि काहीतरी लपवले जात असल्याची शंका उत्पन्न करतात. खरे कारण एका साध्या वाक्यात सांगावे.

काही न सांगता बाहेर पडले तर चालेल का, असाही एक पोटप्रश्न त्यांनी विचारला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केलेल्या बदलानंतर कोणी बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते. मात्र बाहेर पडलेल्यांची नावे साठ दिवस समूहातील कोणालाही पाहता येतात. समूहाची मर्यादा आता १०२४ सदस्यांची आहे, आणि एवढ्या गर्दीतून हळूच उठण्यात मला काही गैर वाटत नाही. ओळखीच्या चाळीस घरांच्या समूहात मात्र त्यालाच मराठीत ‘काढता पाय घेणे’ म्हणतात, आणि काढता पाय माणूस घेतो तो प्रसंग अवघड झाल्यावर. तिथे स्वतःहून लिहायचे नसेल, तर अ‍ॅडमिनना खासगीत कळवावे: “कृपया यादीतून माझे नाव कमी करावे.” शाळेच्या पटावरून आणि रेशनकार्डातून नाव ‘कमी’ होते, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. ‘नाव काढा’ म्हणण्यापेक्षा हे सौम्य आहे. ‘नाव काढणे’ तर आपल्याकडे कीर्ती मिळवण्यालाही म्हणतात.

प्रश्नकर्त्यांनी त्या दिवशी लिहिले असते तर शोभले असते, असा मजकूर मी सुचवतो:

“मंडळी, नमस्कार. आम्ही गेल्या महिन्यात नाशिकला राहायला आलो, हे आपल्याला ठाऊक आहेच. सोसायटीचे पाण्याचे आणि लिफ्टचे निरोप आता मला लागणार नाहीत, म्हणून या ग्रुपपुरती आपल्या सर्वांची रजा घेतो. नंबर हाच आहे. नाशिकला आलात की घरी या. लोभ असावा.”

यातला ‘पुरती’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रजा ग्रुपपुरती आहे, माणसांपासून नाही, हे तो एकटा सांगतो. ‘लोभ असावा’ हे शब्द आपल्या पत्रांच्या शेवटी पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले आहेत. पेशवेकालीन पत्रांतही ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती’ अशीच अखेर भेटते. ‘धन्यवाद’ झालेल्या व्यवहाराचा हिशेब मिटवते, ‘लोभ असावा’ पुढच्या दिवसांबद्दल बोलते.

हा मजकूर सकाळी लिहावा आणि लगेच बाहेर पडू नये. कोणी शुभेच्छा देईल, कोणाला पार्किंगच्या जुन्या पावतीचे आठवेल, कोणी नाशिकचा पत्ता मागेल. अशा प्रत्येक समूहात रात्री उशिरा चष्मा लावून दिवसभराचे निरोप वाचणाऱ्या एखाद्या आजी असतात. त्यांचे “या हं” येईपर्यंत तरी थांबावे.