हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी ऑटोरोटेशनने उतरवता येतं म्हणतात, मग एवढ्या कमी उंचीवरून पडून माणसं का मरतात? चूक पायलटचीच ना?

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आयुष्य हेलिकॉप्टर मेन्टेनन्समध्ये गेलंय आणि हेच वाक्य चौकशीत एका साहेबाच्या तोंडून ऐकलंय.

कंपनीचं नाव घेत नाही. एका पिस्टन इंजिनचं छोटं मशीन, हायटेन्शन लाइनचे फोटो काढायचे म्हणून साधारण 60 फुटांवर हॉवर (हवेत एका जागी थांबणं) चाललेला, मी खाली उभा. आधी आवाज बदलला, इंजिन दोनदा खोकलं आणि लगेच नाक डावीकडे वळलं, कारण पॉवर गेली की टॉर्क (इंजिनामुळे मशीनला बसणारा उलटा पीळ) जातो पण तो पीळ आवरणारा शेपटीचा पंखा, टेल रोटर, ढकलतच राहतो. पायलट पोराने उजवं पेडल दाबून नाक सरळ धरलं, मशीन कलू दिलं नाही, आणि जमीन अगदी जवळ आल्यावर डोक्यावरच्या रोटरमध्ये उरलासुरला जो काही जोर होता तो कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) ओढून वापरला. स्किड (खालच्या पट्ट्या, ज्यांवर मशीन टेकतं) फाकले, सीटखालचा कप्पा चेपला (तो चेपायलाच असतो, त्यात टूल्स कोंबू नका म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागायचो), त्याचा मणका फ्रॅक्चर झाला, कॅमेरावाला मात्र चालत बाहेर आला.

आणि साहेब म्हणतो, "60 फूटच तर होतं, ऑटोरोटेशन का नाही केलं?"

अहो, 60 फूट होतं म्हणूनच नाही झालं! ऑटोरोटेशनमध्ये कलेक्टिव्ह खाली करायचा, खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरता ठेवायचा, जमिनीजवळ फ्लेअर करून, म्हणजे नाक वर उचलून, वेग मारायचा आणि मग टेकायचं. त्याला हाताशी उंची तरी लागते नाहीतर पुढचा वेग तरी. हॉवरमध्ये वेग शून्य, आणि 60 फुटांवरून वस्तू नुसती सोडली तरी दोन सेकंदांत खाली येते, तेवढ्यात काय काय करणार माणूस? त्यात छोट्या मशीनचा रोटर हलका, आरपीएम (फिरण्याचा वेग) बघता बघता उतरतात. पाच-सहा फुटांवर असाल तर निभतं, हजार फुटांवर तर जागा शोधायलाही थोडा वेळ मिळतो, वाईट आहे तो मधला पट्टा. फ्लाइट मॅन्युअलमध्ये त्याचा आलेख असतो, हाइट-व्हेलॉसिटी डायग्राम, पायलट त्याला डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. त्या आलेखाच्या आत थांबायचं काम ज्याने ठरवलं त्याला चौकशीत कोणी एक प्रश्न विचारला नाही.

आता पायलट चुकतच नाहीत असं नाही हं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतोय हे वेळेत ओळखलं नाही म्हणून पॉवर गेल्याची उदाहरणं आहेत. दोन इंजिनं असली की धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. 2013 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला पोलिसांचं ईसी135 हे दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर पबच्या छतावर कोसळून 10 जण गेले, तिथे टाकीत इंधन होतं, पण ट्रान्सफर पंप बंद असल्याने ते इंजिनांपर्यंत पोचलंच नाही आणि दोन्ही बंद पडली.

त्यामुळे पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा उंची आणि वेग दोन्ही बघा, आणि तिथे थांबायला कोणी सांगितलं तेही. लाइनचे ते फोटो मोठ्या लेन्सने, 500 फुटांवरून 60 नॉट्सनी (ताशी साधारण 110 किमी) पुढे जात काढता आले असते, चार फेऱ्या जास्त झाल्या असत्या एवढंच. मी हे काम सुरू व्हायच्या आधीच साहेबाला सांगितलं होतं.