खोलीतून समुद्र दिसतो, पण किती?

प्रश्न : किनाऱ्यावरच्या एका शहरात आम्ही दोघं ४ रात्री राहणार आहोत. हॉटेल आलिशान आहे, पण समुद्र दिसणाऱ्या खोलीचं भाडं साध्या खोलीच्या जवळजवळ दीडपट आहे. एवढे पैसे मोजावेत का?

आधी तुमचा दिवस कसा जाणार आहे ते बघा. सकाळी ९ला बाहेर पडून रात्री १०ला परतणार असाल, तर समुद्र तुमच्या वाट्याला येणार तो उठल्यापासून न्याहारीला जाईपर्यंत, म्हणजे फार तर तासभर. उरलेला वेळ काचेबाहेर नुसता काळोख. तेवढ्यासाठी चारही रात्री दीडपट भाडं भरू नका. याउलट दुपारी परतून गॅलरीत वाचत बसणार असाल, किंवा लहान मूल झोपतं म्हणून दुपारभर खोलीत अडकणार असाल, तर बाकीचे चोचले कमी करा आणि ही खोली घ्या.

घ्यायची ठरली की खोलीचं नाव नीट वाचा. 'सी फ्रंट' म्हणजे खोलीचं तोंड सहसा सरळ समुद्राकडे असतं. 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो, पण मध्ये रस्ता, पार्किंग, जलतरण तलाव काहीही असू शकतं. 'पार्शियल' किंवा 'साइड' लिहिलं असेल, तर कठड्याला टेकून मान वळवावी लागणार असंच धरून चाला. या शब्दांची पक्की व्याख्या कुठेच नाही, प्रत्येक हॉटेल ते आपल्या सोयीनं वापरतं. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारून घ्या : या प्रकारच्या खोल्या कितव्या मजल्यापासून सुरू होतात? पलंगावरून समुद्र दिसतो का? गॅलरीत २ खुर्च्या मावतात का? समोर बांधकाम चालू आहे का? 'फ्रेंच बाल्कनी' या भारदस्त नावाला भुलू नका. तिथे दार उघडतं, पण बाहेर पाऊल ठेवायला जागा नसते. उंच इमारतींमध्ये तर पुष्कळदा खिडकीच उघडत नाही. लाटांचा आवाज ऐकत झोपायचं स्वप्न असेल, तर हे आधीच विचारलेलं बरं.

सगळ्यात वरचा मजला सगळ्यात चांगला, हा समज अर्धाच खरा. खाली झाडं आड येतात हे कबूल, पण फार वर गेलात की लाटा ऐकू येत नाहीत आणि वारा इतका असतो की गॅलरीत बसवत नाही. झाडांच्या शेंड्यांच्या जरा वरचा मजला मागा. दिशाही बघा. पश्चिमेकडच्या खोलीतून सूर्यास्त दिसतो, पण दुपारभर ऊन थेट आत येतं आणि महाग दृश्यावर पडदा ओढून एसी लावावा लागतो. पूर्वेच्या गॅलरीत दुपारी सावली असते.

मधला मार्ग म्हणजे पहिल्या २ रात्री साधी खोली, शेवटच्या २ रात्री समुद्राची. क्रम उलटा करू नका. समुद्राकडून पार्किंगकडे जाताना मन खट्टू होतं, शिवाय भटकंती बहुतेक पहिल्या दिवसांतच होते. मात्र दोन्ही खोल्या एकाच हॉटेलात घ्या आणि दोन्ही बुकिंगं जोडायला सांगा. न जोडल्यास तिसऱ्या दिवशी सकाळी पहिलं बुकिंग संपतं, खोलीचं कार्ड बंद पडतं आणि तुम्ही सामानासकट स्वागतकक्षात. जोडलेली असली की सामान आवरून ठेवायचं आणि फिरायला जायचं. नव्या खोलीत ते हॉटेलची माणसं नेऊन ठेवतात.

प्रश्न : आमचं विमान सकाळी ८ला उतरतं आणि चेक-इन दुपारी ३ला आहे. लवकर खोली मिळण्यासाठी जादा पैसे द्यावेत का?

रात्रभर प्रवास करून येणार असाल तर द्यावेत. पण कशाचे देताय ते समजून घ्या. 'तुमची विनंती नोंदवली आहे' या उत्तरात वचन काहीच नसतं. आदल्या रात्री ती खोली रिकामी असली तरच सकाळी मिळते. खात्रीचा उपाय म्हणजे आदल्या रात्रीचंही बुकिंग करणं. तसं केलंत तर 'आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी ९च्या सुमारास पोहोचू' हे लेखी कळवा. नाही कळवलंत, तर रात्रभर कोणी आलं नाही म्हणून हॉटेल तुम्हाला गैरहजर धरतं आणि सगळंच बुकिंग रद्द होऊ शकतं. पैसेही जातात आणि खोलीही.

दिवसा प्रवास असेल तर हा खर्च टाळा. पोहण्याचे कपडे, औषधं आणि एक सदरा वेगळ्या छोट्या पिशवीत घ्या, बाकी सामान हॉटेलच्या ताब्यात द्या आणि तलावावर जा. वाचलेले पैसे शेवटच्या दिवशी ४-५ वाजेपर्यंत खोली ठेवण्यासाठी वापरा. अंगावर वाळू आणि केसांत खारं पाणी घेऊन विमानात बसण्यापेक्षा ते नक्कीच बरं.

प्रश्न : क्लब लाउंजसह खोली घेतली तर खाणंपिणं फुकट, असं सांगतात. हे खरं का?

फुकट नाही, आगाऊ भरलेलं. क्लब लाउंज म्हणजे जादा भाडं भरणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेलातलं वेगळं दालन. तिथे साधारणपणे न्याहारी, दुपारचा चहा आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळात मद्य व अल्पोपाहार असतो. यातली न्याहारी साध्या खोलीच्या भाड्यातही धरलेली असेल, तर तिचं वजन शून्य. उरला चहा आणि संध्याकाळचे दोनेक तास. दोघंही मद्य घेत नसाल किंवा त्या वेळी बाहेर असाल, तर सरळ नाही म्हणा. मुलं बरोबर असतील तर संध्याकाळी त्यांना आत घेतात का, आणि खोलीतल्या तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे पडतात का, तेही विचारा.

प्रश्न : आम्ही ६ जण आहोत. खासगी बोट करावी की सगळ्यांबरोबरच्या बोटीत जागा घ्याव्यात?

एका जागेच्या दराला ६ने गुणा. खासगी बोटीचं भाडं त्याच्या दुपटीच्या आत असेल, तर खासगी करा. आमच्या मते किनारी शहरातला हा सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे, मात्र वेळ बरोबर निवडली तरच. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची गरम हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येऊ लागतो. तो सकाळी उशिरा सुरू होतो आणि दुपारी सगळ्यात जोरात असतो. त्यामुळे सकाळी ७ ते १०मध्ये शांत असलेलं पाणी दुपारी ३ला बोट आदळवतं. दुपारची बोट स्वस्त मिळाली तर त्याचं कारण हेही असू शकतं. सूर्यास्ताची फेरी हवीच असेल तर ती सगळ्यांबरोबरच्या मोठ्या बोटीतून करा, मोठी बोट हिंदकळते कमी.

पैसे ठरवताना बोलून घ्या : वेळ धक्क्यावर पोहोचल्यापासून मोजणार की बोट सुटल्यापासून, इंधन भाड्यात आहे का, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, आणि हवा बिघडल्यास पैसे परत की नुसती तारीख बदलून. धक्का उथळ असेल तर ओहोटीला बोट लागत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून आदल्या आठवड्याची वेळ गृहीत धरू नका. ज्यांना बोटीत मळमळतं त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलेली गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. बसायचं बोटीच्या मध्यावर, नजर क्षितिजावर, आणि मोबाइल खिशात.

प्रश्न : सगळं भाडं आधीच भरलंय, तरी हॉटेल कार्ड का मागतं?

किरकोळ खर्चापोटी ते कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा कमी होते, बस. डेबिट कार्डावर मात्र तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यावरही मोकळे व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. त्यामुळे डेबिट कार्ड देऊ नका. परदेशात असाल तर कार्डयंत्र 'तुमच्या चलनात की इथल्या?' असं विचारतं. इथल्याच निवडा. दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुतेकदा महाग पडतो.

प्रश्न : मिनीबारमधलं काही न घेताही बिलात पैसे लागले. असं कसं?

काही हॉटेलांच्या मिनीबारमध्ये, म्हणजे विकतच्या बाटल्या ठेवलेल्या खोलीतल्या फ्रीजमध्ये, सेन्सर असतात. बाटली उचलून काही सेकंद बाहेर राहिली की ती विकली गेल्याची नोंद होते. बिल भरण्याआधी ती ओळ दाखवा, बहुधा लगेच काढून टाकतात. औषध किंवा बाळाचं दूध थंड ठेवायचं असेल तर बाटल्या हलवून जागा करू नका. वेगळा रिकामा फ्रीज मागवा. पुष्कळ मोठ्या हॉटेलांत तो मागितल्यावर मिळतो.