पिकअपचं सस्पेन्शन: कंपनी फिटेड घ्यावं की बाहेरून बसवावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नवी डबल कॅब पिकअप घ्यायची आहे. हौद्यावर कॅनपी (बंद टप) आणि हत्यारांचे ड्रॉवर कायमचे बसणार, महिन्यातून दोनेकदा ट्रेलर ओढायचा, सुट्टीत कच्च्या रस्त्याला जायचं. शोरूमवाला म्हणतो वरचं ऑफ-रोड मॉडेल घ्या, त्यात फॉक्स या ब्रँडचे शॉक (शॉक अब्सॉर्बर) कंपनीतूनच येतात. मित्र म्हणतो साधं मॉडेल घे आणि उरलेल्या पैशात बाहेरून सस्पेन्शन बसव. ऐकायचं कुणाचं?

मित्राचं ऐका. पैसे वाचतील का, तो हिशोब वेगळा. वरचं मॉडेल ज्या कामासाठी बनवलंय ते काम तुमच्या यादीत नाही, एवढं कारण मला पुरतं.

फोर्ड रेंजर रॅप्टर बघा. २०१८ साली आली तेव्हा मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइल स्प्रिंग आणि वॉट्स लिंकेज (ॲक्सल आडवा सरकू न देणारी दांड्यांची जोडणी) दिलं होतं, शॉक फॉक्सचे अडीच इंची. खडकाळ वाटेवर वेगात पळवायला ही गाडी म्हणजे चैन. पण साधी रेंजर ३,५०० किलोचा ट्रेलर ओढते तिथे रॅप्टरची मर्यादा २,५०० किलो, आणि हौद्यात टाकायचं वजनही साधीपेक्षा बरंच कमी. शेव्हरोले कोलोराडोच्या झेडआर२ मॉडेलचीही हीच गत. त्यातले मल्टिमॅटिक कंपनीचे शॉक अप्रतिम, पण ओढायची ताकद साध्या कोलोराडोपेक्षा कमी लिहिलेली. चाकाला वरखाली खेळायला जागा हवी तर स्प्रिंग मऊ ठेवावी लागते, आणि मऊ स्प्रिंगवर ओझं टाकलं की ती खेळायची जागाच संपते. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही. तुम्ही बघत असलेल्या गाडीच्या दोन्ही मॉडेलचे माहितीतक्ते शेजारी ठेवा आणि फक्त दोन आकडे वाचा, पेलोड (गाडीवर टाकता येणारं एकूण वजन) आणि टोइंग (ओढता येणारं वजन).

आता साध्या मॉडेलच्या कंपनी सस्पेन्शनबद्दल. लोक त्याला उगाच नावं ठेवतात. कंपनीला माहीत नसतं की ही गाडी एकटा माणूस रिकामी फिरवणार आहे की रोज टनभर माल वाहणार आहे. दोघांनाही चालेल असं काहीतरी द्यायचं, म्हणून मागच्या पाट्यांच्या गड्डीत वरचे पाटे त्यातल्या त्यात मऊ असतात आणि सगळ्यात खाली एखादा जाड, जवळजवळ सपाट पाटा असतो. गाडी भरली की वरचे दबून त्याच्यावर टेकतात, मग तो भार घ्यायला लागतो. हिशोब चांगलाच आहे. अडचण तुमच्यासारख्यांची होते, ज्यांचं दोनतीनशे किलो कधीच उतरत नाही. गाडी कायमची त्या जाड पाट्याच्या जवळ बसलेली राहते, म्हणजे स्प्रिंगची खेळायची अर्धी जागा आधीच खर्ची पडलेली. वर चार माणसं आणि ट्रेलर आला की पहिल्याच गतिरोधकाला बंप स्टॉपवर, म्हणजे ॲक्सल आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, धाडकन.

बाहेरच्या स्प्रिंगचा खरा फायदा इथे आहे. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन वगैरे सस्पेन्शन बनवणारी मंडळी एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या ओझ्याला बनवलेल्या स्प्रिंग देतात: हौदा बहुतेक वेळ रिकामा असेल तर एक, कायम ३०० किलोच्या आसपास असेल तर दुसरी, ५०० असेल तर तिसरी. ‘कायम’ हा शब्द नीट वाचा. मी वाचला नव्हता.

माझ्या पिकअपवर तेव्हा नुसती कॅनपी आणि दोन पेट्या होत्या. फार तर दोनशे किलो. पण पुढेमागे सामान वाढेल, मग एकदाच काय ते भक्कम घेऊ, या हिशोबाने मी ५०० किलोवाले पाटे बसवून घेतले. बसवणाऱ्याने विचारलं सुद्धा नाही की मागे किती वजन असतं. गाडी मागून अशी ताठ उभी राहिली की बघून छाती फुगली. दुसऱ्या दिवशी निघालो तर हौद्यात विसरलेला व्हील पाना खड्ड्यागणिक वीतभर उडून खणखणत होता. बायको म्हणाली, बैलगाडी बरी. तेही चाललं असतं. पण पन्हळी पत्र्यासारख्या झालेल्या एका कच्च्या रस्त्यावर, साध्याच वळणावर, मागची चाकं जमीन सोडून बाजूला नाचायला लागली. स्प्रिंग दबतच नसेल तर टायर रस्त्याला धरून कसा राहणार? आठ महिने तसे काढले आणि ३०० वाले पाटे घेतले. दोनदा मजुरी, दोनदा अलाइनमेंट.

तेव्हा गाडी ठरवायच्या आधी कागदावर वजन मांडा. समजा गाडीचं रिकामं वजन २,१५० आणि कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन ३,१०० किलो; हातात उरले ९५०. कॅनपी आणि ड्रॉवर १८०, पुढचा बुलबार (संरक्षक बंपर) आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) १००, छतावर रॅक आणि तंबू ८०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, चार माणसं ३२०. झाले ७४०. अजून एका बॅगेचंही वजन धरलेलं नाही. आता ट्रेलर जोडा. २,५०० किलोच्या ट्रेलरचं साधारण दहा टक्के वजन हिचच्या (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीच्या) गोळ्यावर येतं, म्हणजे २५०, आणि ते पेलोडमध्येच मोजायचं असतं. ९९०. मर्यादा ४० किलोने ओलांडली, आणि गाडी अजून दारातच उभी आहे.

त्यात ते २५० किलो मागच्या ॲक्सलला २५० म्हणून लागत नाहीत. दोन ॲक्सलमधलं अंतर ३.२ मीटर आणि हिच मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे धरा. सीसॉसारखं होतं: मागे जवळपास ३४४ किलो वाढतात आणि पुढचा ॲक्सल ९४ किलोने हलका होतो. ट्रेलर लावल्यावर स्टिअरिंग हलकं वाटतं आणि रात्री समोरचे लोक डिपर मारतात ते यामुळेच.

एक गैरसमज इतका पसरलाय की तो वेगळा सांगतो. जाड स्प्रिंग घातल्याने गाडीची कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर जो आकडा छापलाय तोच राहतो, कारण तो आकडा एकट्या स्प्रिंगचा नसतो. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, चासिस, टायर सगळ्यांचा मिळून असतो. काही देशांत, ऑस्ट्रेलियात उदाहरणार्थ, रीतसर मंजुरी घेऊन तपासलेला संच बसवून हा आकडा वाढवून मिळतो. त्या मंजुरीशिवाय नुसती गाडी मागून बसत नाही म्हणून माल चढवत गेलात तर काहीतरी दुसरं तुटेल, आणि विमावाला पहिला प्रश्न वजनाचाच विचारेल.

शॉकबद्दल थोडं, कारण लोक सगळ्यात जास्त पैसे इथे घालतात आणि सगळ्यात कमी विचारही इथेच करतात. वजन स्प्रिंग उचलते. शॉकचं काम स्प्रिंगची उसळी आवरायचं. मागून बसलेल्या गाडीला महागडे शॉक लावले तर ती महागड्या शॉकसकट बसलेलीच राहते. उलट रिकामी गाडी एका खड्ड्यानंतर तीनदा डुलत असेल तर स्प्रिंग बदलून काही होणार नाही, तिथे शॉकच हवेत. साध्या ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेल्या) शॉकमध्ये तेल आणि गॅस एकाच घरात नांदतात. तासभर पन्हळी रस्त्यावर पळवलं की तेल तापतं, फेसाळतं आणि शॉक हातपंपासारखा पोकळ होतो. मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच नळीच्या शॉकमध्ये, बिलस्टाइनचे शॉक या जातीचे म्हणून प्रसिद्ध आहेत, मधला तरंगता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो, शिवाय तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. पण त्याच नळीला दगडाचा मोठा पोचा बसला की आतला पिस्टन अडकतो. ट्विन-ट्यूबला बाहेरून पोचा बसला तरी आतली नळी सहसा शाबूत असते. तुमच्यासारखा वापर असेल तर चांगले मोनोट्यूब पुरेत. वेगळा डबा जोडलेले रिमोट रिझर्व्हॉयर शॉक लांबच्या, वेगाच्या कच्च्या रस्त्याला कामाचे. शहरात ते चाकामागे दिसायला छान दिसतात एवढंच.

उंची वाढवायची असेल तर ४०–५० मिलिमीटरवर थांबा. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत त्याच्यावर गेलात की सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांडीच्या सांध्याचा) कोन तीव्र होतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात, कॅस्टर (गाडी सरळ धरून ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) हातातून जातो आणि वरचे कंट्रोल आर्म (चाक धरणारे हात) बदलावे लागतात. मग बजेटचं काय होतं ते विचारू नका.

आणि हे मेकॅनिकला स्वतः विचारा, कारण तो विसरतो. बऱ्याच पिकअपमध्ये, विशेषतः थोड्या जुन्या, मागच्या ॲक्सलपासून चासिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बोटाएवढी बारीक दांडी जाते. गाडी मागून किती दबली आहे ते ती दांडी सांगते आणि त्यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरतं. रिकामी गाडी असेल तर कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होतील. तुम्ही मागची बाजू दोन इंच उचलली की त्या बिचाऱ्या दांडीला वाटतं गाडी रिकामी आहे. माझ्या गाडीत ती तशीच सोडली होती. भरलेली गाडी ब्रेक दाबला की नाक खाली घालायची, पुढचे पॅड भराभर झिजले, मागचे जवळपास नवेकोरे. कारण सापडलं ते गाडीखाली आडवं पडून दांडी हाताने हलवून बघितल्यावर. व्हॉल्व्हकडचा तिचा कंस नव्या उंचीप्रमाणे जमवून घेतला, दहा मिनिटांचं काम. नव्या गाड्यांत हे बहुधा इलेक्ट्रॉनिक असतं, पण तुमच्या मॉडेलमध्ये काय आहे ते विचारून घ्या.

मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, बसवा असंही कुणीतरी सांगेल. महिन्यातून दोनदा ट्रेलर, हे ऐकलं की सांगतातच. कधीतरी येणाऱ्या ओझ्याला, माफक हवा भरून, ठीक आहे. पण पाटा आपला भार चासिसवर दोन टोकांना देतो, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला. पाट्यावर ठेवलेली एअरबॅग तोच भार ॲक्सलच्या वर एका जागी देते. हौद्याच्या शेपटाला भरपूर वजन, हिचवर ट्रेलर आणि बॅगेत ठासून हवा असली की त्याच जागी चासिस वाकते. मी माझ्या गाडीला लावणार नाही.

वॉरंटीची भीती शोरूमवाला घालेलच. बाहेरचा पाटा घातला म्हणून इंजिनची वॉरंटी सहसा जात नाही. सस्पेन्शनच्या आसपासचं काही गेलं, सीव्ही जॉइंट किंवा बॉल जॉइंट, तर मात्र हात वर करतील, आणि काही वेळा त्यांचं बरोबरही असेल. ही कटकट नको असेल तर मधला रस्ता आहे. कंपनीच्या स्वतःच्या ॲक्सेसरी यादीत काय मिळतं ते बघा. फोर्डने एआरबीशी (ओल्ड मॅन इमू बनवणाऱ्या कंपनीशी) करार केल्यापासून रेंजरसाठी ओल्ड मॅन इमूचे संच फोर्डच्याच दुकानातून मिळतात. माल बाहेरचाच, शिक्का कंपनीचा. तुमच्या गाडीला असं काही असेल आणि त्यात तुमच्या वजनाची स्प्रिंग असेल तर मी तेच घेईन.

कामाचा क्रम असा ठेवा: साधं मॉडेल घ्या, कॅनपी, ड्रॉवर, हत्यारं सगळं बसवा, आणि महिनाभर काहीही न बदलता चालवा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा, रिकामी, भरलेली आणि ट्रेलरसकट. मग टाकी पूर्ण भरून वजनकाट्यावर जा आणि एकूण वजनाबरोबर पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल वेगळा करून घ्या. ती चिठ्ठी घेऊनच सस्पेन्शनवाल्याकडे जा. चिठ्ठी न बघता जो स्प्रिंगचा नंबर सांगेल त्याच्याकडून उठा. बसवून झालं की अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची लगेच करून घ्या, आणि ५०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे बोल्ट) टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. माझे दुसऱ्या वेळी आवळले तेव्हा सगळेच नट पाव फेरा फिरले होते.