रेस सोडली तरी पातं फिरतंय

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची काजूची दीडशे कलमं आहेत. बेणणीसाठी दोन वर्षांपूर्वी टू-स्ट्रोक ग्रास कटर घेतला. गेल्या दिवाळीनंतर तो पडवीत टांगून ठेवला होता, तो आता श्रावणात काढला. चालू होतो, पण रेस दिली की घुसमटून बंद पडतो. गड्याने कुठलासा स्क्रू पिळला, तेव्हापासून बंद पडायचं कमी झालं, पण आता रेस सोडली तरी पातं फिरतच राहतं. ओलं गवत अडकतं म्हणून पात्याजवळचा गार्ड काढून टाकूया, असंही तो म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : दादा, गार्ड काढू नका. तुम्ही तो शेवटी विचारलात, मी आधी त्याचंच सांगते.

माझं दुरुस्तीचं दुकान कुडाळला आहे आणि घरची काजूची बागही आहे. एका पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ बागेत गवत मारत होता. गार्ड काढून गडग्यावर ठेवलेला. वीस पावलांवर काकी शेळीसाठी चारा कापत होती. पातं गवतात लपलेल्या जांभ्या दगडावर बसलं आणि सुपारीएवढी खपली उडून काकीच्या गालाला लागली, डोळ्याच्या दोन बोटं खाली. चार टाके पडले. भावाला ओरखडाही आला नाही. म्हणून सांगते, मशीन चालवणाऱ्याने गमबूट, जाड पँट, चष्मा आणि जाळीचा मुखवटा घालावाच, पण 15 मीटरच्या आत दुसरं माणूस, जनावर, पोर कोणी असता कामा नये. कोणी जवळ आलं तर आधी मशीन बंद, मग बोलणं.

ओलं गवत अडकतं हे खरं आहे. त्यासाठी ऊन पडून पाणी झडल्यावर काम सुरू करा. तरी अडकलं तर इंजिन बंद करून, पातं पूर्ण थांबल्यावर काठीने काढा.

आता बिघाड. मला वाटतं तुमच्या दोन्ही तक्रारी एकच आहेत. मशीनला पेट्रोल पुरत नाही, म्हणून ते बंद पडतं. ते बंद पडू नये म्हणून गड्याने स्लोचा (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू पिळून इंजिनाचे फेरे वाढवले. या मशीनचा क्लच फेरे वाढले की आपोआप धरतो. स्लो मिनिटाला साधारण 3000 फेऱ्यांच्या आसपास असला तर पातं उभं राहतं. तो बराच वर गेला की रेस न देताही क्लच पात्याला फिरवतो. असं मशीन खांद्याला अडकवून बांधावरून चालणं फार धोक्याचं आहे. दुरुस्त होईपर्यंत ते वापरू नका.

पेट्रोल का पुरत नाही? दिवाळीपासून तेच पेट्रोल टाकीत असणार. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीला काय तोटा! उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो, आतला डायफ्राम म्हणजे रबराचा पातळ पडदाही कडक होतो. म्हणून जुनं पेट्रोल पूर्ण ओतून काढा. टाकीतल्या नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, तो तारेच्या आकड्याने बाहेर ओढा; काळा पडला असेल तर बदला. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून बसवा.

नवीन मिश्रण डोळ्याच्या अंदाजाने करू नका. मशीनच्या पुस्तकात 50:1 लिहिलं असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑइल, 25:1 असेल तर 40 मिली. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज यासाठीच ठेवून द्या. ऑइल कमी पडलं तर पिस्टन अडकून बसतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सर चोंदतो. महिन्याभरात संपेल एवढंच बनवा. गरम इंजिनावर पेट्रोल ओतू नका.

एवढं करून इंजिन नीट श्वास घेऊ लागलं की स्लोचा स्क्रू पातं थांबेपर्यंत हळूहळू मागे घ्या. तरीही पातं थांबलं नाही तर क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा सैल झालेली असते. ती आणि डायफ्राम मेकॅनिककडूनच बदला.

गड्याला आणखी एक दाखवा. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे उजवीकडून डावीकडे झोका घ्यायचा. पातं म्हणजे घड्याळाची तबकडी, 12 समोर, असं धरलं तर त्याचा 12 ते 3 वाजेपर्यंतचा भाग खुंटाला किंवा दगडाला लागला, तर अख्खं मशीन झटक्याने बाजूला फेकलं जातं. आणि कलमाच्या बुंध्यापाशी पातं नको, पात्याऐवजी लावतात ती नायलॉन दोरीही नको. दोरी कोवळी साल गोलाकार सोलून काढते. काजूच्या खोडकिड्याची मादी बुंध्याच्या सालीतल्या फटीत अंडी घालते, तिला आपण आयती जखम का द्यायची? बुंध्याभोवतीचं वीतभर गवत विळ्यानेच काढा.

पात्याचा नट सहसा उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. जोर लावून तो मोडणारे मला दर पावसाळ्यात भेटतात. गिअर बॉक्समध्ये 20-25 तासांनी ग्रीस भरा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच टांगा.

प्रश्न : नवीन फोर-स्ट्रोक मशीनमध्ये चुकून ऑइल मिसळलेलं पेट्रोल घातलं. इंजिन गेलं का?
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : नाही गेलं, घाबरू नका. ते पेट्रोल काढून साधं पेट्रोल भरा, थोडा वेळ धूर येईल. प्लग काळा झाला असेल तर पुसून घ्या. मात्र तुमच्या मशीनला ऑइलचं वेगळं बूच आहे ना, ते साधं पेट्रोल भरण्याआधी पाहा. असेल तर त्यात इंजिन ऑइल किती आहे हे रोज सकाळी, मशीन सपाट जमिनीवर ठेवून, सुरू करण्याआधी बघायचं.