लेझर विकून होबी १६ घेऊ का? धरणावर चालवायची आहे

लेझरवर, म्हणजे एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीवर, हात बसलाय, आता सेकंडहँड होबी १६ घ्यावी की तिची लहान बहीण होबी वेव्ह (दोन्ही दोन बुडांच्या शिडाच्या होड्या), असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी सहज टाकलंय, ‘बहुतेक एकटाच असतो.’ अहो, मग विषयच मिटला. १६ घेऊ नका.

हेच मी आमच्या साडूभाऊंना सांगत होतो. मी शिडाची होडी शिकलो हैदराबादला, हुसेनसागरवर. ते शिकले मोबाइलवर. त्यांचं एकच पालुपद, “दोन-दोन बुडं हायेत तिला, ती कशाला पलटी होती!” त्यांची १६ आली टेम्पोतून, येलदरी धरणाच्या काठाला उतरली. आषाढातला पश्चिमेचा वारा, आणि हे एकटेच निघाले. मी काठावर.

पळाली मात्र झकास, खोटं कशाला बोलू. वाऱ्याकडचा हल, म्हणजे बूड, उचलला गेला, साडूभाऊंनी माझ्याकडं बघून हात केला, आणि तेवढ्यात दुसऱ्या हलचं नाक पाण्यात घुसलं. १६ ची ही खोडच आहे. मागचा भाग वर आला, साडूभाऊ डोलकाठीच्या तारांवरून पुढं फेकले गेले आणि होडी पार उलटी. लेझर आडवी झाली की सेंटरबोर्डवर, म्हणजे बुडाखाली पाण्यात जाणाऱ्या फळीवर, उभं राहून आपण सरळ करतो. इथं सेंटरबोर्डच नाही. हल पोकळ, डोलकाठीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे तरंगता फुगा, नाही, त्यामुळं ती थेट खाली जाऊन गाळात रुतली. १४५ किलोची होडी. सरळ करायला दोरी धरून मागं रेलणारं वजन सव्वाशे किलोच्या पुढं लागतं, आणि साडूभाऊ ओल्या कपड्यांसकट सत्तर किलोचे. शेवटी एक भोई होडी घेऊन आला, दोघं दोरीला लोंबकळले तेव्हा कुठं डोलकाठी वर आली, टोकाला काळ्या मातीचा हा एवढा लगदा आणि त्यात गुंतलेलं त्याचंच जाळं. जाळ्याचे पैसे मी दिले. लग्नकार्यात भेटले की साडूभाऊ अजून म्हणतात, “वारा फिरला हो.” वारा फिरला नव्हता. मी बघत होतो.

दुसरं, टॅक, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दिशा बदलणं. लेझर जागेवर वळते. १६ वाऱ्यात नाक घालून उभीच राहते. जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, उलटा भरू द्यावा लागतो, मागं सरकायला लागली की सुकाणू उलटं धरावं लागतं. रुंद पाण्यात चालून जातं, बॅकवॉटरच्या चिंचोळ्या फाट्यात घामटा निघतो. आपल्याकडं वारा असतो जून-जुलैत, तेव्हा धरण तळाला गेलेलं. पाणी भरतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा वारा गायब. म्हणजे जोराचा वारा नेमका उथळ, गाळाच्या पाण्यात मिळणार.

वेव्ह घ्या. १३ फुटी, जाड प्लास्टिकची, दगडावर घासली तरी रडत नाही, बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, नाहीच म्हणून डोक्याला टोला नाही. फ्लोट मात्र लावाच. लेझरनंतर वाऱ्याच्या तोंडावर जरा मठ्ठ वाटेल, ते खरं.

आता, रोज सोबतीला दमदार माणूस असेल तर १६ सारखी मजा नाही, हेही सांगतो. घेतलीच तर पुढच्या आडव्या नळीच्या पुढं डेकवर अंगठ्यानं दाबून बघा. मऊ लागलं की किती का स्वस्त असेना, सोडा. आणि डोलकाठी उभी करून होडी ओढताना गाळपेरातल्या, म्हणजे पाणी हटल्यावर पेरलेल्या जमिनीतल्या, शेतीपंपांच्या विजेच्या तारा बघा. कंपनीनं पुढं डोलकाठीचा वरचा तुकडा फायबरचा केला तो ह्याच भीतीनं. जुन्या होड्यांची अख्खी काठी ॲल्युमिनियमची असते.

कोणतं धरण ते तुम्ही लिहिलं नाही. नाथसागर (जायकवाडी) असेल तर ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आधी वनखात्याकडं जा. बाकीकडं पाटबंधारेवाल्यांना विचारा. साडूभाऊंची १६ अजून शेडमध्ये पडून आहे. विकायची म्हणाले तर घेऊ नका, डेक मऊ आहे.