बॉनेटवरचे खड्याचे टवके : रंग लावायची घाई करू नकोस

पहिला टवका दिसला की जीव हळहळतो, मला ठाऊक आहे. पण ब्रश हातात घेण्याआधी टवका किती खोल गेलाय ते भिंगातून बघ. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून त्याखाली दिलेला थर), त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर असतो. हे सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी! तळाशी करडा प्रायमर दिसत असेल तर निवांत वेळ काढून काम कर. उघडा पत्रा दिसत असेल तर मात्र थांबू नकोस, कारण गंज रंगाखालून पसरत जातो.

गंज असेल तर तो टोकदार वस्तूने पूर्ण खरवडून काढ. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, नाहीतर मेणाच्या अंशावर रंग धरणारच नाही. उघड्या पत्र्यावर प्रायमर हवाच. रंग गाडीच्या कलर कोडप्रमाणेच (कंपनीने त्या नेमक्या छटेला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे) घे, नुसतं 'पांढरा' म्हणून आणू नकोस. मोती छटेच्या तीन थरांच्या रंगात मधला पारदर्शक थरही द्यावा लागतो, तो विसरला तर ठिपका वेगळाच दिसतो.

रंगाच्या छोट्या बाटलीच्या झाकणातला ब्रश जाडा असतो. मी टूथपिक वापरतो. एकाच मोठ्या थेंबात टवका भरू नकोस. पातळ थर दे, वाळू दे, मग पुढचा. शेवटी क्लिअर कोट. घासून सपाट करायचं असेल तर निदान आठवडाभर तरी थांब.