उजनीचं पाणी उतरतंय, जाळं कुठं टाकायचं?

उजनी धरणात बुडालेल्या पळसनाथाच्या मंदिराचा कळस पाण्याबाहेर डोकावू लागला, की भीमेच्या दोन्ही काठांवरून प्रश्न यायला लागतात. या आठवड्यात तीन आले. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्नच तसा आहे.

कुंभारगावाकडून: पहाटे रोहू, कटला काठाला येऊन तोंडं वर काढतात, काही मरून तरंगतात. कुणी विष टाकलं असेल का?

बहुतेक वेळा विष नसतं, मासा गुदमरलेला असतो. थंडीत २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू मावतो, तेच पाणी ३० अंशांवर गेलं की जेमतेम साडेसात. त्यात वरून सांडपाणी येतं, शेतातलं खत येतं, त्यावर हिरवं शेवाळ माजतं. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्रभर तोच खात बसतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्य उगवायच्या आधीची. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतरची पहाट तर हमखास.

घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो. दुपारी होडीतून हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा दिसेनासा झाला, तर पाणी जास्त हिरवं झालंय आणि पुढच्या पहाटे त्रास होऊ शकतो असं समजा. गुदमरण्यात रोहू-कटला आधी जातो, चिलापी (तिलापिया) तग धरते. भर उन्हात, एकाच ठिकाणी, लहान-मोठे सगळ्या जातींचे मासे एकदम मेले असतील तर मात्र विषाचा संशय घ्या. स्वच्छ बाटली काठोकाठ भरून पाणी घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय कार्यालय गाठा. तो मासा विकू नका, घरीही शिजवू नका.

गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक, करणाऱ्यांनाही इथंच सांगतो: फवारणीचा पंप जलाशयात धुऊ नका. काठाच्या उथळ पाण्यात चिलापीची पिल्लं असतात. थोडंसं औषधही त्यांना पुरतं.

केत्तूरकडून: पाणी आटल्यामुळे मासा एका जागी आलाय. बारीक आसाचं (भोकाचं) जाळं ओढलं तर चालेल का?

नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाशी राखलेलं पाणी. उन्हाळ्यात धरण वजा पातळीत, म्हणजे या मृत साठ्याच्याही खाली, जातं तेव्हा सगळा मासा भीमेच्या जुन्या पात्रात उतरतो. जाळं जड लागतं म्हणून मासा वाढला असं वाटतं. वाढलेला नसतो हो, गोळा झालेला असतो! रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडावी लागते. आज वडाप (बारीक आसाचं ओढायचं जाळं) लावून बोटभर मासा सुकटीच्या भावानं घालवला, तर पुढच्या वर्षी किलोचा मासा कुठून येणार?

रोहू-कटल्यासाठी चार इंचांपेक्षा कमी आसाचं फासजाळं (मासा आसात अडकवणारं जाळं) वापरू नका. जाळं जुन्या पात्राच्या कडेला, खोल आणि उथळ पाणी मिळतं तिथं, दिवस मावळताना लावा आणि तांबडं फुटायच्या आत उचला. या दिवसांत अडकून मेलेला मासा दोन-तीन तासांत नरम पडतो आणि भिगवणच्या बाजारात व्यापारी कल्ला उघडूनच भाव सांगतो. तेव्हा किलोला किलो बर्फ होडीतच हवा. खर्च वाटतो, पण पहिल्याच लिलावात वसूल होतो.

चैत्र-वैशाखात दुपारनंतर पश्चिमेला काळं भरून आलं तर जाळं तसंच सोडा आणि काठ गाठा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मधे वादळात बोट उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट घडी करून होडीत ठेवण्यासाठी नसतं, अंगात घालायचं असतं.

इंदापूर तालुक्यातून: अंगावर काटेरी कवच असलेला काळा मासा जाळी फाडतो, काय करावं?

तो सकर मासा, काचेच्या टाक्यांतून आलेला परदेशी पाहुणा. ओढून काढू नका, आधी काटे मोडा, नाहीतर जाळ्याचे चार आस जातात. आणि वैतागून परत पाण्यात तर अजिबात फेकू नका. काठापासून लांब खड्डा करून पुरा.